तिन्ही वेल उचलून नेण्याबाबत

आदर्श नगर, जयपूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरीस,

विषय: मागच्या अंगणातले तुझे तीन वेल उचलून नेण्याबाबत.

आशीर्वाद नेहमीचे आहेतच, ते मी कधी बंद केलेले नाहीत. पण हे पत्र कामाचं आहे, म्हणून कामाचंच बोलतो.

गेल्या दसऱ्याला तू गुडगावला निघून गेलीस. जाताना कपडे नेलेस, लॅपटॉप नेलास, आईचा चांगला शिसवी पोळपाटसुद्धा नेलास. मागच्या भिंतीलगत लावलेले हॉप्सचे वेल मात्र इथेच टाकून गेलीस. दिवाळीनंतर ते वाळून काड्या झाले आणि मला वाटलं, मिटला विषय. काल मेथी पेरायला वाफा उकरायला घेतला तर मातीतून जांभळट कोंब वर आलेले. एका नाही, तिन्ही ठिकाणी. कुदळ आणखी चार बोटं पुढे गेली असती तर मेथी पेरून झाली असती आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तेव्हा कळवतो की तुझं सामान या घरात जिवंत आहे आणि वाढत आहे. लवकरात लवकर घेऊन जावं. बिअरमध्ये ज्याची फुलं घालतात असलं झाड या घरात पोसायची माझी इच्छा नाही. निघालीस त्या दिवशी तू मला म्हणालीस, "तुम्ही युनिटच्या कॅन्टीनमधून जवानांना रम वाटलीत ती ड्युटी, आणि मी बिअर बनवायची नोकरी धरली की घराण्याची अब्रू गेली?" यावर माझं उत्तर तयार आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. मी वाटली, एक थेंब चाखली नाही, एवढंच नमूद करतो.

तू नेईपर्यंत झाडं मरू देणं मला जमणार नाही. दुसऱ्याचं सामान आपल्या ताब्यात असलं की त्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही फौजेची शिकवण. त्यामुळे तुझी आई रोज सकाळी त्यांना पाणी घालते. मी फक्त बादल्या भरून देतो. आणि तिला गुडघ्यामुळे वाकता येत नाही म्हणून ओततोही मीच.

तू आईशी फोनवर बोलतेस ते ठीक आहे. पण हा विषय तुझ्या-माझ्यातला असल्यामुळे तो लेखी असावा.

मोरेश्वर जगदाळे,
सुभेदार (निवृत्त)

ता. क. एकेका जागी भाराभर कोंब आलेत. सगळे ठेवायचे असतात का? केवळ माहितीसाठी विचारतो.

२ एप्रिल २०२५

चि. ईश्वरीस, आशीर्वाद.

विषय: मागच्या पत्राचाच. अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

तुझं उत्तर आलं नाही, पण आईच्या फोनमधून "जोमदार तेवढे चार ठेवा, बाकीचे कापा" असं काहीसं ऐकू आलं. तू मला सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही, तरी चारच ठेवले. कापलेल्या कोंबांची आईने मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी केली. चांगली झाली होती. या झाडाचा बिअर सोडूनही उपयोग होतो, याची तुझ्या मालकांना कल्पना द्यावी.

आता एक अडचण झाली ती सांगतो. वेलांना वर चढायला सुतळ्या बांधल्या. गावाकडे घेवडा जसा गुंडाळून चढवायचो, तसे रोज सकाळी शेंडे सुतळीला गुंडाळायचो. दुसऱ्या दिवशी बघावं तर पठ्ठे सुटून खाली लोंबताहेत. मी पुन्हा गुंडाळायचो, ते पुन्हा सुटायचे. असे बेशिस्त रंगरूट मी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत. शेवटी तुझी आई चहाचा कप घेऊन बाहेर आली, थोडा वेळ माझी गंमत बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आवो, उलटं गुंडाळताय तुमी. देवाला फेरी घालतो तसं फिरवा की."

तसं फिरवलं. त्यानंतर एकही शेंडा सुटलेला नाही. बिअरचं झाड आणि प्रदक्षिणा घालतंय! यावर आई आता रोज हसते.

पाडव्याच्या दिवशी आणखी एक प्रकार झाला. सकाळी आईने गुढीचा बांबू मागितला. तो मी नंबर तीनला दिला होता, कारण त्याला सुतळी पुरेना. (ओळखायला सोपं जावं म्हणून वेलांना नंबर दिले आहेत. दुसरं काही समजू नये.) आई म्हणाली, बांबू काढा. मी म्हटलं, शेंडे मोडतील. ती म्हणाली, वर्षाचा पहिला सण आहे. मी म्हटलं, मग गुढी तिकडेच उभारू. शेवटी मागच्या अंगणात, त्याच बांबूला साडी, गाठी, कडुलिंब बांधला, वर तांब्या पालथा घातला, आणि खाली कमरेपर्यंत तुझा वेल. शेजारच्या भाभीजी भिंतीवरून म्हणाल्या, "भाईसाहब, इस बार झंडा पीछे क्यों लगाया?" मी म्हटलं, इकडे हवा चांगली आहे.

या भाभीजी मध्यंतरी चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला जाऊन आल्या. आल्यावर आपल्याकडे थंड प्रसाद दिला आणि न विचारता वेलांच्या मुळाशी थंड पाणी शिंपडून गेल्या. "माताजी ठंडक रखेंगी." मी अडवलं नाही. पुढे जयपूरचा उन्हाळा आहे, कुणाचीच मदत नाकारून चालणार नाही.

मोर भिंतीवरून उतरून कोवळे शेंडे खुडतात. राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे हात उगारता येत नाही. भोवताली बाभळीच्या काटेरी फांद्या रोवल्या आहेत. आता ते फांद्यांच्या बाहेर बसून माझ्याकडे बघत राहतात.

न्यायची व्यवस्था कधी करतेस ते कळव.

मो. जगदाळे

२१ मे २०२५

चि. ईश्वरी,

विषय: तातडीचा. पारा चव्वेचाळीसच्या वर.

हिमाचलात लाहौलच्या बर्फातली मुळं जयपूरच्या अंगणात आणून लावणाऱ्या व्यक्तीच्या अकलेबद्दल मी काही लिहीत नाही. ती व्यक्ती माझी मुलगी आहे, आणि आई म्हणते की हा भाग माझ्याकडूनच आलेला आहे.

पानांच्या कडा भाजायला लागल्या आहेत. केलेली कारवाई अशी: वर हिरवी जाळी, तीही दुहेरी. मुळांशी वाळल्या गवताचा जाड थर. पानांच्या मागे लाल कोळी ही कीड लागली होती, इतकी बारीक की मला भिंग घेऊन बसावं लागलं. सकाळी पाण्याची बारीक धार पानांच्या मागून मारतो आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कडुलिंबाचं तेल फवारतो. म्हणजे आई फवारते, मी पंप धरतो. पंप धरला की तो दाबावाही लागतो.

एवढं करूनही दुपारची लू सुटली की वेल माना टाकायचे. म्हणून बैठकीच्या खोलीतला कूलर फिरवून त्याचं तोंड खिडकीतून अंगणाकडे केलं. फक्त दुपारपुरतं. आई म्हणाली, "माणसं हितं भाजून निघाली आन् कूलर झाडाला!" आणि रागाने आतल्या खोलीत जाऊन बसली. भाभीजींनी भिंतीवरून विचारलं, "भाईसाहब, बगीचे को हवा खिला रहे हो?" या बाईंना भिंतीशी दुसरं काही काम नसतं.

शुक्रवारी मला जरा चक्कर आली. आईने फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. मी पडलो नव्हतो, बसलो होतो. बसलो ते वाफ्यात, इतकंच. दवाखान्यात सलाइन लावलं ते केवळ खबरदारी म्हणून. माझ्या युनिटमधला हवालदार पंढरीनाथ, तो सोडाल्याला राहतो ना, तो धावत आला. त्याला मी उशाशी बसू दिलं नाही, सरळ घरी पाठवून वेलांना पाणी घालायला लावलं. आई यावरून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात आता माझ्याशी बोलणारं कुणी उरत नाही असं दिसतं.

तू काळजी करू नये. वेल ठीक आहेत.

वेलांचा तात्पुरता ताबेदार,
मोरेश्वर जगदाळे

ता. क. तिघांनाही कळ्या धरल्या आहेत. पण नंबर तीनच्या वेगळ्या दिसतात, सैल, झुपक्यासारख्या. फोटो आईच्या फोनवरून पाठवायला लावतो. आजार असेल तर औषध कळव.

९ जून २०२५

चि. ईश्वरी,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस: "अण्णा, तब्येत सांभाळा. उन्हात जाऊ नका. तिसरा वेल नर आहे. फुलं उमलायच्या आत उपटून टाका, नाहीतर बाकीच्या दोघींमध्ये बिया धरतील आणि त्या आमच्या कामाच्या राहणार नाहीत."

पहिली दोन वाक्यं विषयाला सोडून होती, तरी वाचली. बऱ्याचदा वाचली.

आता नंबर तीनबद्दल. उपटून टाका म्हणतेस. तिघांत तोच सगळ्यात उंच. मोरांनी शेंडा खाल्ला तर बाजूने दुसरा काढून पुन्हा वर गेला. उन्हात बाकीच्या दोघींनी माना टाकल्या तेव्हा हा एकटा ताठ उभा होता. आणि त्याचा गुन्हा काय, तर तो नर निघाला! मी हे आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "बरं झालं की. ह्या घरात येकच पुरुष जड झालाय."

मी उपटला नाही. बदलीचा हुकूम काढला.

फुलं उमलायच्या आतच त्याला कमरेतून छाटला, मुळाचा गड्डा मातीसकट काढून पत्र्याच्या ड्रममध्ये बसवला, ओलं गोणपाट गुंडाळलं आणि ई-रिक्षात घालून पंढरीनाथकडे सोडाल्याला पोचवून आलो. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. तिथून त्याचे पराग इकडे पोचायचे नाहीत. रिक्षात मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. चालवणाऱ्याने आरशातून बघत विचारलं, "बाबूजी, कौन है ये?" मी म्हटलं, "जवान है. पोस्टिंग पे जा रहा है." त्याने पुढे एकूण एक खड्डा चुकवला, फार सांभाळून नेलं बिचाऱ्याने.

पंढरीनाथने त्याला गच्चीच्या जिन्याखाली सावलीत ठेवलाय. पानं गळाली, पण खोड हिरवं आहे. मी एक दिवसाआड बघून येतो.

तू म्हणशील, एवढं कशाला, एक झाडच तर आहे. पण ईश्वरी, घरातून लांब पाठवणं वेगळं आणि उपटून फेकणं वेगळं. बदली झालेला माणूस पत्र लिहितो. रजा मिळाली की घरी येतो. त्याची ट्रंक कुणी हलवत नाही.

हे मी झाडाबद्दल लिहितो आहे.

उरलेले दोन वेल घेऊन जाण्याची सूचना कायम आहे.

मो. ज.

६ जुलै २०२५

चि. ईश्वरी, अनेक आशीर्वाद.

विषय: पीक.

दोन्ही वेलांना फुलं धरली! हिरवीगार, पाकळीवर पाकळी, कानातल्या डुलांसारखी लोंबत होती. एक तोडून बोटांनी उकललं तर आत पिवळी भुकटी आणि असा वास, लिंबाची साल आणि ओलं गवत एकत्र कुटल्यासारखा. मी आईला हाक मारली, आईने भाभीजींना मारली. सगळ्यांनी हुंगून पाहिलं. पीक फार नव्हतं, पण जयपूरच्या अंगणात हॉप्स आले. हे मी पंढरीनाथला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, पेढे वाटा." वाटले.

आता जे झालं ते मीच सांगतो, म्हणजे आईच्या तोंडून वाढवून ऐकायला नको.

तुझ्या आईचं वाळवण यंदा उशिरा झालं, माझ्या त्या चक्करेमुळे. पाऊस लांबला होता, ऊन कडक होतं, गच्चीवर धोतरावर कुरडया घातलेल्या. मी म्हटलं, फुलंही वाळवायचीच आहेत ना, घाल यातच बाजूला. आपल्या घरात जे वाळवायचं ते गच्चीवर उन्हात, दुसरी पद्धत कुणाला माहीत आहे? दुपारी वर जाऊन बघतो तर फुलं तांबूस भुरकी, चुरगळलेली, वासाचा पत्ता नाही. आणि वारं सुटून अर्धी भुकटी कुरडयांवर. संध्याकाळी आईने घाणा तळला. पहिली कुरडई मी तोंडात घातली, आणि ईश्वरी, माझ्या तोंडाचा आकार बघून आई खाली बसून हसायला लागली. कारल्याचा बापही इतका कडू नसेल. भाभीजींकडे एक ताट आधीच गेलं होतं. त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बहुत अच्छी थी, इसमें मेथी डाली थी क्या?" आम्ही हो म्हटलं.

इतकं हसलो आम्ही दोघं त्या रात्रीच्या जेवणाला. तू हवी होतीस.

मग तू आईला फोनवर ओरडलीस ते मला ऐकू आलं: सावली पाहिजे, वारा पाहिजे, ऊन अजिबात नको. वेलांवर उरलेली फुलं खुडली. बाज उलटी केली, तिच्या चारही पायांना माझी फौजेतली मच्छरदाणी ताणून बांधली, त्यावर फुलं पसरली आणि वर पंखा लावला. हिरवी ती हिरवीच वाळली. खोलीभर तो वास. आई म्हणते झोप चांगली लागते.

सोबत पार्सल पाठवतो आहे. पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे विचारलं. "मुलीचं सामान" असं सांगितलं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी चाखणार नाही, हे तुला माहीत आहे. पण वाया घालवू नकोस, फार जपून वाळवलंय.

नंबर तीनला सोडाल्यात नवी पालवी आली.

थंडीच्या आत वेल न्यावेत.

तुझा,
मो. ज.

१४ डिसेंबर २०२५, दुपार

ईश्वरी,

तुझ्या कारखान्यातला राघव आत जेवतोय, तोवर हे लिहितो. आईला सांगितलंय, त्याला वाढत राहा, उठू देऊ नकोस.

सकाळी दारात टेम्पो उभा राहिला तेव्हा मला वाटलं पत्ता चुकला. मग हा पोरगा उतरला, पाया पडला आणि मोडक्या मराठीत पहिला प्रश्न काय, "काका, मतलब, तो सोडाल्याला पोस्टिंगवर गेलेला कसा आहे?" म्हणजे माझी पत्रं तुमच्याकडे जाहीर वाचली जातात. असो. त्याला सांगितलं, मजेत आहे.

मग त्याने तुझी चिठ्ठी दिली. "अण्णा, तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता म्हणून गाडी पाठवते आहे. आता थंडीत मुळं झोपलेली असतात, काढायला हीच वेळ बरोबर. हिमाचलात सोलनला मालकांची जमीन आहे, तिथे लावू. तुम्हाला यापुढे त्रास नको."

बरोबर आहे. मी वर्षभर घेऊन जा म्हणत आलो, तू व्यवस्था केलीस. सोलनची हवाही त्यांना मानवेल. मी कुदळ घेतली, राघव पोती घेऊन मागे आला. वाफ्यात दोन वाळलेली खुंटं, बाकी काही नाही. कुदळ टेकवली. टेकवली आणि तसाच उभा राहिलो. राघव म्हणाला, "काका, मी करू का?" मी म्हटलं, आधी जेवून घे.

ईश्वरी, वेल गेले तर मी तुला कशाबद्दल लिहू?

झाडं न्यायला ये म्हणत होतो तेव्हा त्यात 'ये' एवढंच खरं होतं. बाकीचं सामान त्याच्याबरोबर आपोआप येत गेलं. गुडगाव इथून सकाळच्या बसने दुपारच्या जेवणाला पोचण्यासारखं आहे, आणि वर्ष उलटून गेलं. तुझी फार आठवण येते. तुझ्या आईला येते ते ती तुला सांगतेच. मला येते ते मी सांगतो आहे.

राघव म्हणाला, मी पाठवलेली फुलं तू बिअरच्या एका लहानशा घाण्यात घातलीस, आणि ती बिअर चाखून सगळे विचारायला लागले की हा वास कुठला. तू म्हणालीस, "आमच्या घरचा." हे ऐकून मला अभिमान वाटला. हो, बिअरचाच. माझी मतं आहेत तिथे आहेत, पण वाटला तो वाटला.

तेव्हा वेल देत नाही. टेम्पो रिकामा जाईल, म्हणजे अगदी रिकामा नाही, आईने कुरडयांचा डबा भरून दिलाय (या गोड आहेत) आणि तिळाच्या वड्या. राघवचा काही दोष नाही, त्याला बोलू नये. तो मला म्हणाला, "ईश्वरी मॅडमना काय सांगू?" मी म्हटलं, हे पत्र तिच्या हातात दे आणि ती वाचेपर्यंत तिथून हलू नकोस.

आणखी एक. रोज संध्याकाळी तुझा फोन येतो तेव्हा आई तो मुद्दाम मोठ्या आवाजात लावून ठेवते आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून सगळं ऐकतो. तिला ते ठाऊक आहे. तुलाही असेल. आज फोन केलास की तिला म्हण, अण्णांकडे दे.

काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तू आधी वेलांबद्दल काहीतरी विचार, म्हणजे मला सुरुवात करता येईल.

अण्णा